साठ टक्के बॅटरी शिल्लक, तरी बोट बंद कशी पडली?

विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी सोलर बोट बांधली आहे. दोन सडपातळ हलची (म्हणजे पाण्यात बसणाऱ्या सांगाड्यांची) कॅटामरान, वर ६०० वॅटचे पॅनल, १६ सेल सिरीजमधली ३० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि दोन किलोवॅटची मोटर. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये तासभर चालवली. वळणावर थ्रॉटल सोडला तेव्हा डिस्प्लेवर ६० टक्के दिसत होते. पुन्हा थ्रॉटल दिला आणि सगळं बंद. वल्ही मारत किनाऱ्याला आले. आता विचारतायत की सेन्सर कुठला घ्यावा, कुठे लावावा, आणि दोन तासांच्या शर्यतीत बॅटरी नेमकी संपत आणायची कशी.

मी नाशिकच्याच अंबडला बॅटरी पॅक आणि कंट्रोल पॅनलचं काम करतो, याला आता वीसेक वर्षं झाली. कॉलेजच्या पोरांच्या बोटी अधूनमधून माझ्याकडे येतात आणि बहुतेक वेळा तक्रार हीच असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा तो टक्केवारीचा डिस्प्ले व्होल्टेजवरून अंदाज बांधतो. स्कूटरच्या लेड-ॲसिड बॅटरीला ते कसंबसं चालतं. तुमच्या केमिस्ट्रीचा सेल मात्र ८० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत येताना जेमतेम ०.१ व्होल्ट उतरतो. १६ सेलचे मिळून १.६ व्होल्ट. आता पॅकचा आतला रेझिस्टन्स, बसबार (सेल जोडणाऱ्या पट्ट्या), बीएमएस (सेलवर नजर ठेवून गरज पडली तर पॅक तोडणारं सर्किट) आणि वायरी धरून ४० मिलीओहम पकडा. ४० अँपिअर ओढले की तेवढ्यानेच १.६ व्होल्ट पडतात. म्हणजे अर्धी बॅटरी संपल्यावर जेवढा फरक दिसायचा, तेवढाच फरक नुसता थ्रॉटल दाबल्या-सोडल्याने दिसतो. त्यात स्वस्तातल्या मीटरची एक टक्का चूक म्हणजे अर्धा व्होल्ट. वळणावर तुम्ही थ्रॉटल सोडला, वरून सोलरचे आठ अँपिअर आत येत होते, व्होल्टेज वर उचललं गेलं आणि डिस्प्ले खुशाल ६० म्हणाला.

तुमच्याच आकड्यांनी बघा. तासभर सरासरी ३० अँपिअर मोटरला गेले, म्हणजे ३० एएच. सोलरने आठ परत दिले. बॅटरीतून निव्वळ २२ एएच गेले. उरले आठ, म्हणजे २७ टक्के. बरं, २७ टक्के असताना तरी बंद का पडली? कारण बीएमएस पॅककडे बघून तोडत नाही, सगळ्यात दुबळ्या सेलकडे बघून तोडतो. एखादा सेल सकाळी नीट बॅलन्स न होता ८५ टक्क्यांवरच राहिला असेल, तर त्याच्यात शेवटी साडेतीन एएच उरले होते. त्याच्यावर अचानक ४५ अँपिअरचा भार टाकलात. तो अडीच व्होल्टच्या खाली बसला, बीएमएसने हात वर केले. तेव्हा पहिलं काम असं की बीएमएसचं ब्लूटूथ ॲप उघडा आणि भार असताना प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघा. भार नसताना सगळे सेल साळसूद दिसतात.

आता मोजायचं कसं. व्होल्टेज विसरा, हिशेब ठेवा. किराणा दुकानदार गल्ल्यातल्या नोटा डोळ्यांनी बघून धंदा ठरवत नाही, वहीत जमा आणि नावे लिहितो. बोटीतही तेच. जमेची बाजू एकच: सोलर. खर्चाच्या दोन: मोटर, आणि बाकीचं किरकोळ, म्हणजे पंप, डिस्प्ले, हॉर्न, कंट्रोलर. शिल्लक बॅटरीत. माझं म्हणणं आहे की करंट तीन ठिकाणी मोजा: एमपीपीटीच्या (पॅनल आणि बॅटरीच्या मधला सोलर चार्ज कंट्रोलर) बॅटरीकडच्या बाजूला, मोटर कंट्रोलरच्या डीसी वायरवर आणि थेट बॅटरीवर. पोरं म्हणतात, दोन कळले की तिसरा वजाबाकीने येतोच, मग तीन सेन्सरचा खर्च कशाला? अरे, तिसरा लावायचा तो पहिले दोन खोटं बोलतायत का ते पकडायला.

दर सेकंदाला हे तीन आणि किरकोळ खर्चाचा चौथा, असे चारही आकडे फाइलमध्ये लिहा आणि पाचवा रकाना काढा: मोटर अधिक किरकोळ, वजा सोलर, वजा बॅटरीतून गेलेलं. हे शून्याच्या आसपास यायला हवं. त्याला आम्ही वर्कशॉपमध्ये ‘तूट’ म्हणतो. तूट कशी वाढते यावरून रोग कळतो. बोट उभी असो वा पळत असो, घड्याळाबरोबर तूट सारखीच वाढत गेली, तर एखाद्या सेन्सरचा शून्य सरकलेला आहे. मोटर जोरात चालली की तूट वाढते आणि उभ्या बोटीत थांबते, तर मोटरच्या किंवा बॅटरीच्या सेन्सरचं माप चुकलंय. ढग आला की कमी आणि ऊन पडलं की जास्त, तर सोलरच्या सेन्सरकडे बघा. आणि तूट एकदम पायरीसारखी उडी मारून परत खाली येत असेल, तर कुणीतरी बिल्ज पंपाची (बोटीत साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची) वायर मोजणीच्या बाहेरून घेतलीये.

ही शेवटची चूक इतक्यांदा बघितलीये की तिच्यावर वेगळा परिच्छेद लिहितो. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरून शंटपर्यंत (करंट मोजायची, अगदी कमी रेझिस्टन्सची पट्टी) एकच जाड केबल जायला हवी, दुसरं काहीही त्या टर्मिनलला लागता कामा नये. पण होतं काय, की शर्यतीच्या आदल्या रात्री कुणालातरी जीपीएसला सप्लाय हवा असतो, जवळचा बोल्ट बॅटरीचा असतो, तिथेच लग (वायरीच्या टोकाची कडी) कसला जातो. मग एमपीपीटीचा निगेटिव्हही तिथेच. सोलरची अख्खी जमा शंटला न दिसता बॅटरीत जाते आणि वहीत बॅटरी आहे त्याच्यापेक्षा रिकामी दिसते. टर्मिनलवर लाल पेनने लिहून ठेवा: ‘इथे फक्त शंट.’

सेन्सरचं बोलू. तुम्ही मोटरवर एसीएस ७१२ चं ३० अँपिअरवालं करंट मोजायचं मॉड्यूल लावलंय. स्वस्त आहे, कुठल्याही दुकानात मिळतं, रोबोटच्या प्रोजेक्टला झकास आहे. इथे दोन कारणांनी चालणार नाही. एक, ते अँपिअरला ६६ मिलीव्होल्ट देतं आणि अडीच व्होल्टपासून मोजतं. ३८ अँपिअरच्या पुढे त्याच्याकडे दाखवायला जागाच उरत नाही. तुमच्या स्प्रिंटचे ४५ अँपिअर त्याने ३७-३८ च लिहिले असणार. दोन, त्याचा शून्य सप्लायच्या निम्म्यावर असतो. पंप चालू झाला आणि पाच व्होल्टची लाइन ४.९ झाली, की शून्य ५० मिलीव्होल्टने सरकतो, म्हणजे पाऊण अँपिअर. दोन तासांत त्या पाऊण अँपिअरचे ७८ वॅट-तास होतात. तुमच्या बॅटरीच्या पाच टक्के, नुसते हवेत.

त्यापेक्षा १०० अँपिअर, ७५ मिलीव्होल्टचा पितळी टोकांचा शंट घ्या. पॅनल बोर्डवाल्यांकडे हाच चालतो, सातपूर-अंबडच्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात विचारा. पूर्ण १०० अँपिअरला तो साडेसात वॅट खातो, तुमच्या ४० अँपिअरला सव्वा वॅटच्या आसपास. तेवढं चालतं. त्याच्यावर आयएनए २२८ ही मोजणीची चिप. ती ८५ व्होल्टपर्यंत झेलते, २० बिट आहे, आणि मुख्य म्हणजे करंट आणि एनर्जीची बेरीज स्वतःच ठेवते, तुमचा ईएसपी ३२ (लॉगरचा मायक्रोकंट्रोलर) मध्येच हँग झाला तरी तिचा सप्लाय आहे तोवर वही उघडी राहते. आयएनए २२६ स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. तिची मर्यादा ३६ व्होल्ट आहे आणि तुमचा पॅक फुल चार्जला ५८.४ व्होल्टवर जातो. माझ्या टेबलावर अशी जळलेली तीन मॉड्यूल काचेच्या बाटलीत ठेवलेली आहेत, नवीन पोरं आली की दाखवतो.

शंटला दोन मोठे बोल्ट असतात आणि आत दोन छोटे स्क्रू. मोजणीच्या बारीक वायरी छोट्या स्क्रूवरून घ्यायच्या, एकमेकींना पीळ देऊन. मोठ्या बोल्टखाली घेतल्या तर लगच्या जोडाचा रेझिस्टन्सही मोजला जातो, आणि तो जोड सैल झाला की करंट वाढल्यासारखा दिसतो. करंट मोजायचा तो कंट्रोलरच्या बॅटरीकडच्या बाजूला. मोटरच्या तीन फेज वायरींवर क्लॅम्प लावून आलेला आकडा एनर्जीच्या हिशेबाला उपयोगाचा नाही. शिवाय कंट्रोलर करंट तुकड्या-तुकड्यांनी ओढतो. सेकंदाला दहा वेळा डोकावलं तर कधी शिखर सापडतं, कधी दरी. चिपमधलं ॲव्हरेजिंग चालू ठेवा, ती त्यासाठीच दिलेली सोय आहे. आणि पॉझिटिव्हला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. ओल्या हातांशी आणि ५८ व्होल्ट डीसीशी मस्करी नको.

कॅलिब्रेशनला लॅब लागत नाही. रात्री सगळे लोड मेन स्विचने तोडा, फक्त लॉगर वेगळ्या पॉवर बँकेवर चालू ठेवा आणि घरी जा. सकाळी बघा, न वाहिलेला किती करंट वहीत जमा झालाय. ०.१५ अँपिअरचा खोटा शून्य आठ तासांत १.२ एएच दाखवतो, लपून राहूच शकत नाही. मापासाठी पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड बादलीत बुडवून तुमच्या पॅकवर लावा. २३० व्होल्टचा असल्याने त्याचा रेझिस्टन्स ३५ ओहमच्या आसपास असतो, ५२ व्होल्टवर साधारण दीड अँपिअर घेतो. मल्टिमीटर सिरीजमध्ये टाकून जुळवा. मोठ्या करंटला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर कुणाचा तरी मागून आणा. डीसी म्हणतोय. साध्या क्लॅम्पवर फक्त एसी असतो आणि तो बॅटरीच्या वायरवर शून्य दाखवतो. मागच्या वर्षी एक टीम त्या शून्यावर खूश होती.

आता पाण्यावर. हिशेब जुळायला लागला की पुढचा प्रश्न: किती खर्च केला की किती अंतर मिळतं? इथे सकाळी सातची वेळ पकडा, बॅकवॉटरवर दुपारी वारा उठला की आकडे पसरतात. परवानगीचं आधीच बघा, ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे. थ्रॉटल एका जागी धरून तीन मिनिटं जायचं, तसंच वळून तीन मिनिटं यायचं, दोन्ही वेगांची सरासरी काढायची. मग थ्रॉटल थोडा वाढवून पुन्हा. सहा-सात असे बिंदू मिळाले की तुमच्या बोटीची कुंडली तयार.

एका कॅटामरानचा अनुभव सांगतो, आकार साधारण तुमच्याएवढाच. ताशी ८ किलोमीटरला ४०० वॅट लागायचे, म्हणजे किलोमीटरला ५० वॅट-तास. ताशी १२ ला साडेतेराशे वॅट, किलोमीटरला ११२. वेग दीडपट, पॉवर सव्वातीन पटीच्या वर. वेगाच्या घनात पॉवर वाढते असं पुस्तकात असतं आणि सडपातळ हलला ते बऱ्यापैकी लागू पडतं. रुंद हल असेल तर स्वतःच्याच लाटेवर चढताना पॉवर याहून भडकते, हायड्रोफॉइल (बोट वर उचलणारे पाण्याखालचे पंख) असेल तर सगळंच गणित वेगळं. म्हणून माझा तक्ता वापरू नका, तुमचा काढा.

या तक्त्याचा उपयोग शर्यतीपुरताच नाही. त्याच बोटीवर एका सकाळी किलोमीटरचा खर्च ६० वरून ८० वॅट-तासांवर गेला, वेग तोच. पोरांनी बॅटरीवर संशय घेतला, मग कंट्रोलरवर, मग एकमेकांवर. मी म्हटलं, व्होल्टेज आणि करंट दोन्ही बरोबर मोजले जातायत, तूट शून्य आहे, म्हणजे वीज खरंच जातेय आणि ती पाण्यातच जातेय. मोटर वर उचलली. प्रोपेलरच्या मागे, शाफ्ट सीलच्या अगदी जवळ मच्छीमाराच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा गुंडाळलेला, निळसर, इतका घट्ट की ब्लेडने कापून काढावा लागला. त्याखाली सीलची रबर तापून चकाकत होती. आणखी दोन दिवस चालवली असती तर पाणी मोटरमध्ये गेलं असतं. मला विचाराल तर मीटरिंगचे सगळे पैसे त्या एका सकाळी वसूल झाले.

सोलरच्या जमेबद्दल फार भाबडे राहू नका. ६०० वॅट हा आकडा चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेल २५ अंशांवर असतानाचा. एप्रिलच्या दुपारी डेकवरचा पॅनल ६० अंशांच्या पुढे जातो. दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट धरली तर तिथेच १२-१४ टक्के गेले, मग एमपीपीटीचा वाटा, धूळ, वायर. साडेचारशे ते पावणेपाचशे मिळाले तरी समाधान माना. नाशिक २० अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या विशीत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा सपाट पॅनलला काही तक्रार नसते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो ४६-४७ अंशांवरच असतो, आणि सपाट ठेवलेल्या पॅनलला थेट उन्हाचा तीन चतुर्थांशाहून थोडा कमीच हिस्सा मिळतो. थंडीमुळे पॅनल गार राहून थोडी भरपाई होते, पूर्ण नाही. आणि चालवणाऱ्याची सावली! एका सेलवर सावली पडली की बायपास डायोड त्या पॅनलचा साधारण तिसरा हिस्सा बाजूला काढतो. लॉगमध्ये वळणानंतर दर वेळी सोलर ठरावीक पायरीने पडत असेल तर ढगाला दोष देऊ नका, चालकाला जरा वाकून बसायला सांगा.

आता तुमची दोन तासांची शर्यत. अमेरिकेतल्या सोलर स्प्लॅश या कॉलेजांच्या सोलर बोट स्पर्धेतही एन्ड्युरन्स फेरी दोन तासांचीच असते, तेव्हा हे गणित पुढेही कामाला येईल. बॅटरी कागदावर १५३६ वॅट-तास, म्हणजे वीजबिलातलं दीड युनिट. दुबळा सेल लक्षात घेऊन १३०० वापरायला धरा. सोलरचे ४५० वॅट दोन तास, ९००. एकूण २२००. किरकोळ खर्च ४० वॅटने ८०. मोटरला उरले २१२०, म्हणजे सरासरी १०६० वॅट. वरच्या बोटीच्या तक्त्यात हे ताशी ११ किलोमीटरला बसतं.

मग मोह होतो की आधी ताशी १३ ने पळू, आघाडी घेऊ, नंतर ९ ने जाऊ. अंतर तेवढंच, २२ किलोमीटर. पण १३ ला १७१६ वॅट लागतात आणि ९ ला ५७०. दोन तासांचे मिळून २२८६ वॅट-तास. एकाच वेगाने ११ ने गेलात तर २०८० मध्ये तेच अंतर. दोनशेचा फरक. पहिल्या पद्धतीने तुम्ही शेवटच्या फेरीत पुन्हा वल्ही काढाल.

म्हणून चालकासमोर फक्त दोन आकडे ठेवा, मोठ्या अक्षरांत, उन्हात वाचता येतील असे. एक, ‘परवडतात’: उरलेले वॅट-तास अधिक अपेक्षित सोलर, भागिले उरलेला वेळ, वजा किरकोळ. दुसरा, ‘घेतोय’: गेल्या एका मिनिटाची मोटरची सरासरी. घेतोय परवडतात-च्या वर गेला की थ्रॉटल मागे. अपेक्षित सोलरसाठी गेल्या दहा मिनिटांची सरासरी घ्या आणि तिला ०.८ ने गुणा, ढग विचारून येत नाही. शेवटची पंधरा मिनिटं राहिली की तो ०.८ काढून टाका, तेव्हा राखून ठेवण्यात काही मतलब नसतो. सेलचं तापमान, जीपीएसचा वेग, तूट, बाकी सगळा पसारा किनाऱ्यावरच्या लॅपटॉपला. त्यासाठी लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ) मॉड्यूल घेणार असाल तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवालं घ्या, ९१५ चं स्वस्तात मिळतं पण तो बँड आपल्याकडे त्यासाठी मोकळा नाही. एसडी कार्डावर मात्र बोटीतच लिहा, आणि फाइल दर काही सेकंदांनी सेव्ह होऊ द्या. नाहीतर बंद पडण्याच्या आधीची शेवटची मिनिटं, जी सगळ्यात जास्त हवी असतात, तीच गायब असतात.

बॅटरीची शिल्लक रोज सकाळी फुल चार्ज झाल्यावरच १०० वर आणा. चार्जर पूर्ण थांबू द्या, सेल बॅलन्स होऊ द्या, घाईत ९० टक्क्यांवर काढून ‘चला झालं’ म्हणू नका. बेरीज करणाऱ्या वहीला सुरुवातीची शिल्लक चुकीची दिली तर पुढची सगळी पानं चुकतात. तुमच्या त्या ८५ टक्क्यांच्या सेलचा उगमही बहुधा याच घाईत आहे.

नवीन काही विकत घेण्याआधी या रविवारी दोन गोष्टी करा: बीएमएस ॲपमधले भाराखालचे सोळा सेलचे आकडे लिहून घ्या, आणि आत्ता आहे त्याच सेन्सरवर रात्रभराची शून्याची फाइल काढा. दोन्ही घेऊन सोमवारी संध्याकाळी अंबडला या, शंट माझ्याकडे एक जुना पडलाय.